तांबं, काच आणि बिराजदार

सोपानराव बिराजदारांनी टेलिफोन खात्यातल्या तेहेतीस वर्षांत तारा जिभेनं तपासल्या. खात्यानं त्यासाठी त्यांना एक यंत्र दिलं होतं. ते त्यांनी घरी, मूळच्या खोक्यात, लेकीच्या लग्नात आलेल्या ताटांशेजारी जपून ठेवलं होतं. खांबावर चढायचं, तारेची दोन टोकं डाव्या अंगठ्याच्या नखानं सोलायची आणि जिभेला लावायची, एवढीच त्यांची प्रयोगशाळा.

"जित्ती तार आंबट लागती, मास्तर. मेल्याली तार ताटलीवानी लागती."

"आणि नेमका तेव्हाच कुणाचा फोन आला तर?" मी विचारायचो.

"तर मंग त्येच्या सात पिढ्या आठवत्यात."

घंटीचा करंट अंगात शिरला की बिराजदार दोन पायऱ्या खाली यायचे, जीभ बाहेर काढून वाऱ्यावर धरायचे आणि वरच्या तारेकडे बघून म्हणायचे, "आताच याद आली व्हय रं तुला?"

अंगानं ते बारीक, उंचीनं बेताचे. निलंग्याच्या पलीकडचं गाव, घरी शेती, त्यामुळं बोलण्यात मराठीला अधूनमधून कानडीची फोडणी. डाव्या अंगठ्याचं नख मात्र चांगलं बोटभर वाढवलेलं. लातुरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. काम करताना ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत. मला आधी तो कुठला तरी मंत्र वाटायचा. नीट ऐकल्यावर कळलं, "निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी." शंभर जोड्यांच्या केबलीतली कुठली तार कुणाची, हे त्या रंगांच्या क्रमावरून कळतं. तो क्रम चुकला की तहसीलदाराचा फोन पिठाच्या गिरणीत वाजतो. तसा तो एकदा वाजला होता, आणि गिरणीवाल्यानं दोन दिवस तालुक्याचा कारभार बरा चालवला होता, असं अण्णा सांगत.

त्यांची माझी ओळख भूकंपाच्या वर्षीची. मी लातूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. भूकंपात मराठीच्या मास्तराचा उपयोग काय, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं, मलाही नाही. शेवटी औशाच्या बाजूच्या एका छावणीत मला फोनच्या रांगेतल्या माणसांची नावं लिहायला बसवलं. फोन म्हणजे टेबलावर ठेवलेलं एक काळं यंत्र. बिराजदारांनी दोन मैलांवरच्या पेटीपासून शेतांतून, कोसळलेल्या भिंतींवरून तार ओढत आणून ते सुरू केलं होतं. वर पाऊस. धरणीनं एवढं केल्यावर आभाळानं तरी गप्प बसावं, पण ते बसत नव्हतं.

रांगेत कोंडाबाई नावाची साठीची बाई होती. घर गेलं होतं, नवरा आधीच गेलेला होता, मुलगा पुण्याला कंपनीत. त्याच्या शेजारच्या दुकानाचा नंबर तिनं लुगड्याच्या पदराला बांधून ठेवला होता. तिची पाळी आली. पलीकडून दुकानदार "हॅलो, कोण?" म्हणाला. तिनं गावाचं नाव सांगितलं, मुलाचं नाव सांगितलं, तिला रडू आलं, आणि "त्याची आई" एवढं म्हणेपर्यंत यंत्रात खरखर सुरू झाली. मग काहीच नाही.

बिराजदार यंत्र सोडून पावसात पळाले. दोन तासांनी परत आले ते नखशिखान्त चिखलात. "जॉइंटात पाणी शिरलंय," म्हणाले. "तांबं पाणी पितं. काय करावं ह्या तांब्याला?" लाइन दुसऱ्या दिवशी दुपारी लागली. तोवर कोंडाबाईला दुसऱ्या गावच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा आला. दुकानदारानं त्याला जेवढं ऐकलं तेवढं सांगितलं होतं. गावाचं नाव, रडणं, आणि "त्याची आई". पेटलेल्या चितांच्या बातम्या सगळीकडे होत्याच, आईचं शरीरही हाती लागणार नाही असं तो धरून चालला. तो पुण्यातच डोकं भादरून निघाला होता. आम्ही त्याला शेडवर नेलं. कोंडाबाई पत्रावळीवरची खिचडी खात बसली होती. तिनं पोराच्या गुळगुळीत डोक्याकडे बघितलं, हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, "कोण गेलं रं?"

बिराजदार माझ्या शेजारी उभे होते. ते वळले आणि शेडच्या मागं जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांचं तांब्याशी वैर जडलं. पोटाला तेच देत होतं म्हणून ते जाहीर नव्हतं, एवढंच. कुठं लाइन बंद पडली की ते म्हणत, "तांबं हाय ते. पाणी पितं, वीज पितं, गंजतं, चोरीला बी जातं. आन् निरोप तेवढा पोचवत न्हाई." निरोप पोचला पाह्यजे, हे त्यांचं पालुपद झालं. देवळात घंटा वाजवून झाली की ते क्षणभर कान देऊन थांबत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पोचला का न्हाई ते बघायलोय."

पन्नाशीच्या सुमाराला खात्यानं त्यांना काचेच्या तारेचं शिक्षण घ्यायला नांदेडला धाडलं. त्या शिक्षणाची हकीकत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मीही ते पास झालो असेन. केसाएवढी काच, तिच्यातून उजेड जातो, उजेडावर निरोप. वर्गात सगळे पोरसवदा, बिराजदार एकटेच चष्म्यातले. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यानं काच सोलून प्रत्येकाच्या हाती दिली आणि बिराजदारांनी सवयीनं ती जिभेला लावली. तुकडा मोडून जिभेत बसला. तीन दिवस त्यांनी पेजेवर काढले.

"चव कसली होती?" मी विचारलं.

"कसलीच न्हाई की ओ! तेच तर. करंट न्हाई, आंबट न्हाई. म्हणलं, हिला चव न्हाई म्हंजे हिच्या पोटात कायबी शिरत न्हाई. पाणी न्हाई, वीज न्हाई." मग पुढं सरकून, "आन् मास्तर, रंग तेच! निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. म्या म्हणलं, आरं, ही तर माझीच मंडळी."

आता आमच्या क्लासकडे वळतो. लातुरात तोवर क्लासचं पीक आलं होतं. उमरीची, देगलूरची, मुरुडची मुलं ट्रंका घेऊन उतरायची आणि रस्त्यांवर फलकांत गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे चेहरे वाऱ्यावर फडफडत असायचे. कॉलेजातून लवकर निवृत्ती घेऊन मी अशाच एका क्लासमध्ये माहितीपत्रकं लिहायला लागलो. नाव सांगत नाही. लातुरातल्या कुठल्याही पाटीवरचं घाला, चालेल. मालक डोंगरे सर. त्यांना डायरेक्टर सर म्हणायचं, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं, पण तिथं लिहिलेल्या बाकी सगळ्यापेक्षा ते पक्कं होतं. बिराजदार निवृत्तीनंतर तिथंच आले, इंटरकॉमचे फोन सांभाळायला.

जुन्या इमारतीत डायरेक्टर सरांचा पुतण्या विकी यानं संगणकांसाठी निळी तांब्याची केबल खेळवली होती. प्रत्येक मजल्यावर एक पेटी, तिला वीज, तिला पंखा, तिला बॅटरी. लोडशेडिंगमध्ये बॅटरी संपली की तो मजला जगातून उठायचा. लिफ्ट चालू झाली की दुसऱ्या मजल्यावरचे संगणक चाचरायचे. एका वैशाखात गच्चीवरच्या टाकीशेजारी वीज पडली. माणसांना काही झालं नाही, पण ती निळ्या केबलीवरून खाली उतरली आणि चारही पेट्या आणि वीस संगणक जाळून गेली. बिराजदारांनी जळक्या पेटीचा वास घेतला आणि म्हणाले, "तांबं निरोप बी नेतं आन् वीज बी नेतं. त्येला फरक कळत न्हाई."

सहा मजल्यांची नवी इमारत उभी राहत होती तेव्हा डायरेक्टर सरांनी बैठक घेतली. विकीनं पुन्हा निळ्या केबलीचा आराखडा मांडला. बिराजदार कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. त्यांनी हात वर केला. इंटरकॉमवाल्यानं हात वर करण्याची पद्धत तिथं नव्हती.

"सर, काच घाला. पैल्या मजल्यावर हापिसात एक यंत्र. तिथनं एक काच जिन्याखाली. तिथं मुठीएवढी डबी. एक उजेड आत, बत्तीस बाहेर. त्या डबीला वीज लागत न्हाई, पंखा लागत न्हाई. मधल्या वाटंवर जळण्यासारखं कायबी न्हाई. खोलीत शेवटाला बारकी डबी ऱ्हाती, ती संगणकाच्या विजेवरच चालती."

"आणि उद्या वेग वाढवायचा झाला तर सगळं उपटायचं?" विकी म्हणाला.

"काच तीच ऱ्हाती, बाळा. दोन टोकाची यंत्रं बदलायची. तुजी निळी नव्वद मीटरच्या पुढं दम टाकती. ही मैलोन्‌मैल जाती."

मी समजुतीसाठी म्हणालो, "म्हणजे एका समईवरून बत्तीस निरांजनं लावल्यासारखं."

"न्हाई मास्तर," बिराजदारांनी मला भर सभेत खोडलं. "निरांजन लावलं म्हणून समई कमी होत न्हाई. ह्येच्यात उजेड वाटला जातो. बत्तीस ठिकाणी वाटल्यावर एकेकाला जरासाच येतो. पुरतो, पर जरासाच. म्हणून वाटंत कचरा चालत न्हाई, वाकडं वळण चालत न्हाई."

डायरेक्टर सरांना वेगळीच चिंता होती. त्यांनी ती काच बोटांत धरली, दिसेना म्हणून चष्मा लावला. "इतकं बारीक? पालकांना दाखवायचं काय?" बाकी क्लासांत काचेच्या कपाटात यंत्रं असायची आणि त्यावर शेकड्यानं हिरवे दिवे लुकलुकायचे. पालक त्या दिव्यांवरून शिक्षणाचा दर्जा ओळखायचे.

"आन् बंद पडलं तर?" विकीनं विचारलं. "परीक्षेच्या दिवशी बंद पडलं तर, अण्णा?"

बिराजदार उठून उभे राहिले. "काच बंद पडली तर मी सोताच्या हातानं सगळी उपटून काढतो आन् तुजी निळी घालायला तुज्याबरबर शिडी धरतो. पुन्हा ह्या दारात पाय ठेवणार न्हाई."

हे बोलायची गरज नव्हती. पण बोलून झालं होतं, आणि विकीनं ते मनात लिहून घेतलं होतं.

काच बसली. उद्घाटनाला डायरेक्टर सरांना फितीऐवजी ती काचेची तारच कात्रीनं कापायची होती, "तंत्रज्ञानाचं प्रतीक" म्हणून. तो अनर्थ बिराजदारांनी कात्री खिशात घालून टाळला. दिव्यांची उणीव मात्र सरांनी भरून काढलीच. स्वागतकक्षात काचेचं उंच कपाट आलं, त्यात रिकाम्या पेट्या आणि त्यांवर हिरव्या दिव्यांच्या माळा. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. पालक तिथं थांबून फोटो काढत. खरी डबी जिन्याखाली, झाडू आणि फिनेलच्या शेजारी होती. बिराजदार रोज सकाळी तिच्या झाकणावरून कोरडं फडकं फिरवत.

दोन वर्षं काही बंद पडलं नाही. वीज पडली, लोडशेडिंग झालं, लिफ्ट बदलली, पण काच चालत राहिली. विकी येता-जाता विचारायचा, "अण्णा, शिडी तयार ठेवली नव्हं?" बिराजदार हसत नसत.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोठी चाचणी ठेवली होती. तीनशे मुलं, तीन मजले, प्रश्नपत्रिका थेट पडद्यावर. त्या गुणांवर वर्षभराची तुकडी ठरणार होती, म्हणून पालकही गावोगावहून आले होते आणि खाली खुर्च्या भरून बसले होते.

साडेआठला मी पोचलो तेव्हा बिराजदार तिसऱ्या मजल्यावर होते. खोलीतल्या छोट्या डबीवर लाल दिवा. उजेड येत नाही, याची ती खूण. चौथ्यावर लाल. पाचव्यावर लाल.

"सगळीकडंच?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. त्यांच्या हातात उजेड मोजायचं यंत्र होतं. हे यंत्र मात्र ते वापरत, घरी ठेवत नसत. "हापिसातलं यंत्र चांगलं हाय. जिन्याखाली येईस्तोवर उजेड मरतोय."

पहिल्या मजल्यावर, ऑफिसापासून जिन्याखाली काचेची नळी गेली होती त्या भिंतीवर सणाचं तोरण होतं. मंडपवाल्यानं परवा ते ठोकलं होतं. बिराजदारांनी खिळे बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. नळीवर खिळा बसला असेल तर काच तुटली, आणि तुटलेली काच जोडायला लागणारं यंत्र लातुरात एकाकडंच, आणि तो दसऱ्याला गावी गेलेला. त्यांनी स्टुलावर चढून एकेक खिळा उपटायला सुरुवात केली. झेंडूची फुलं खाली पडत होती. तीनशे मुलं जिन्यात बसून पुस्तकं मिटून आमच्याकडे बघत होती. घरून आणलेल्या डब्यांचा वास येत होता.

नऊ वाजून वीस मिनिटं. नळी सगळी धड. एकही खिळा लागलेला नव्हता.

डायरेक्टर सर आले. "काय प्रकार आहे? खाली कपाटातले तर सगळे दिवे लागलेत!"

बिराजदार म्हणाले, "सर, ते दिवाळीचे हायत."

विकी आला तो खांद्यावर निळ्या केबलीचं वेटोळं घेऊनच. "काका, दोन मजले तासाभरात जोडतो. चाचणी अकराला घेऊ. अण्णा, काय बोलला होता तुम्ही? सगळ्यांसमोर?"

"बोललो होतो," बिराजदार म्हणाले.

"मग?"

"दहा वाजू दे की बाळा. आजून दहा न्हाई वाजले."

ते जिना उतरायला लागले. मी मागोमाग. जिन्याखालच्या खोलीत त्यांनी डबीचं झाकण उघडलं. मुख्य काच आत येते तिथलं हिरवं टोक समोर होतं. ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले, हात न लावता. मग त्यांनी स्वतःचा डावा अंगठा डोळ्यांजवळ नेला.

नखाच्या खाली लाल रेघ होती.

"अय्यो," ते म्हणाले. एवढंच.

मला परवाची दुपार आठवली. खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकऱ्याचं औत, सुताराची करवत, आमची लेखणीसुद्धा. आणि पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी काम लावायचं नाही. स्वागतकक्षात डायरेक्टर सरांनी कपाटाची यथासांग पूजा केली होती, गुरुजी बोलावून. बिराजदारांनी आपली पूजा जिन्याखाली एकट्यानं मांडली होती. लाल फडक्यावर पक्कड, कात्री, उजेड मोजायचं यंत्र. त्या वर्षी पहिल्यांदाच वर्ग बंद होते, म्हणून काचेलाही सुट्टी द्यावी या भावनेनं त्यांनी मुख्य टोक काढून, टोपण लावून फडक्यावर ठेवलं होतं आणि त्याच्या हिरव्या अंगाला हळदकुंकवाचं बोट लावलं होतं. उजेड बाहेर पडतो त्या तोंडाला त्यांनी बोट लावलंच नव्हतं, तेवढं त्यांना शिकवलेलं होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी टोपण काढलं, नखानं अंगावरचं कुंकू खरवडलं आणि टोक जागेवर बसवलं. तांब्याला त्यांनी तेहेतीस वर्षं असंच कुंकू लावलं होतं. तांब्यानं कधी तक्रार केली नव्हती.

"कुंकू उडतं की ओ," ते हळू म्हणाले. "म्या तेवढंच इसरलो."

त्यांनी टोक बाहेर काढलं. पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कोरडा कागद काढला. त्यांनी मनगट गुडघ्याला टेकवलं. कागदावर लाल ठिपका उमटला, मोहरीपेक्षाही लहान. दुसरा कागद. स्वच्छ. आतली खाचही पुसली. "निळा, नारंगी, हिरवा," ते पुटपुटत होते, तिथं रंग एकच असताना. मग टोक बसवलं. टक्. यंत्रावरचा आकडा वर चढला.

वरून मुलांचा गलका ऐकू आला. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी ओरडलं, "आलं!"

दहाला सात मिनिटं कमी होती.

मी म्हणालो, "झालं अण्णा. कुणाला सांगायची गरज नाही. खिळा होता म्हणा."

ते फरशीवर बसले. "तवा बी मी तसंच म्हणलो होतो, मास्तर."

"तेव्हा म्हणजे?"

"भूकंपात. कोंडाबाईच्या टायमाला. पाणी तांब्यानं न्हाई पिलं. जॉइंट मी बांधला होता. रांग मोठी होती, घाई केली, वर मेण नीट लावलं न्हाई. हात वल्ले होते माजे." त्यांनी लाल ठिपक्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "पंचवीस वर्सं तांब्याला शिव्या देऊन राहिलो. आता काचंला देऊ का?"

ते उठले. स्वागतकक्षात पालक उभे राहिले होते. डायरेक्टर सर त्यांना सांगत होते की दिल्लीकडूनच जरा संथ होतं, आता सुरळीत झालं आहे. विकी वेटोळं खांद्यावर घेऊन कपाटाला टेकला होता. बिराजदार थेट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सर, दिल्लीचं कायबी न्हाई. माज्या हातचं कुंकू काचंच्या तोंडाला लागलं होतं. पुसलं, लागलं."

मागं एक पालक दुसऱ्याला विचारत होता, "कुंकू? कुणाचं कुंकू?"

"म्हणजे बंद पडली ना काच?" विकी म्हणाला. "शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता. काच बंद पडली तर काच उपटतो म्हणलो होतो. काच न्हाई पडली. मी पडलो." त्यांनी गळ्यातली चाव्यांची दोरी काढून माझ्या हातात दिली. "ऱ्हायली काच. मी निघतो. तू ती निळी परत ने बाळा, उगं वीज घरात आणू नको."

डायरेक्टर सर म्हणाले, "अहो बिराजदार, एवढं काय त्यात," पण ते पालकांकडे बघत म्हणाले. तोवर अण्णा फाटकापर्यंत पोचले होते. वर तीन मजल्यांवर तीनशे मुलं पहिला प्रश्न वाचत होती.

त्यांनी शब्द पाळला. मी दोनदा घरी गेलो, गप्पा झाल्या, चहा झाला, पण क्लासचं नाव त्यांनी काढलं नाही. जिन्याखालच्या डबीवर मी रोज कोरडं फडकं फिरवतो. मराठीच्या मास्तराचा काय उपयोग, या जुन्या प्रश्नाला हे एक उत्तर मिळालं.

पुढची खंडेनवमी आली. स्वागतकक्षात गुरुजी, नारळ, डायरेक्टर सर सोवळ्यात. कपाटाला माणसापेक्षा उंच हार. हिरवे दिवे लुकलुकत होते आणि उमरीहून आलेलं एक जोडपं त्यांना हात जोडून मुलाचं कल्याण मागत होतं. मी मागच्या मागं बाहेर सटकलो.

इमारतीच्या बाजूच्या बोळात, रस्त्यावरची काच नळीतून भिंतीत शिरते तिथं, बिराजदार उभे होते. चपला काढून ठेवलेल्या. भिंतीपासून चांगलं हातभर लांब, जमिनीवर एक झेंडूचं फूल.

"आत या की अण्णा. कोण काही म्हणत नाही."

"नको. हात धुवून आलोय, तरी नको." त्यांनी मला दोन्ही तळवे दाखवले. डाव्या अंगठ्याचं नख मुळापर्यंत कापलेलं होतं. त्या जागी बोट उघडं, लहान मुलाच्या बोटासारखं दिसत होतं.

आत आरती सुरू झाली. सगळी माणसं कपाटाकडे तोंड करून टाळ्या वाजवत होती. बिराजदारांनी गिलाव्याच्या भिंतीकडे तोंड करून, हात मागं बांधून, नुसती मान लववली. मग देवळात करत तसा क्षणभर कान दिला.

"तिसरा मजला?" त्यांनी विचारलं.

"लागतंय."

"आन् सहावा?"

"तोही."

त्यांनी चपला पायात घातल्या आणि बोळातून चालायला लागले. ओले हात कपड्यांना लागू नयेत म्हणून माणूस धरतो, तसे दोन्ही हात त्यांनी अंगापासून लांब धरले होते. कोपऱ्यावर वळेपर्यंत ते तसेच होते.